शिनोलीची भिंत

आठ दिवस झाले, शफी पेंटर धड जेवत नव्हता की धड झोपत नव्हता. जुन्नरच्या बाजारपेठेमागच्या दोन खोल्यांत सकाळपासून त्याच्या येरझाऱ्या सुरू व्हायच्या. चहा अर्धा प्यायचा, उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. "अजी, बैठो तो सही," असं म्हणून त्याची बायको झुबेदा थकली. एवढा घोर कशाचा, तर एका भिंतीचा. ती भिंतही घरची नव्हे. तिकडे शिनोलीला, भीमाशंकरच्या रस्त्यावर, कुंडलिक गिरणीवाल्याच्या बंद पडलेल्या गिरणीची.

शफीचं वय त्रेसष्ट. चाळीस वर्षं त्याने जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या निम्म्या पाट्या रंगवल्या. ज्याला वाचता येत नव्हतं तोसुद्धा लांबून सांगायचा, हे शफीचं अक्षर. मग फ्लेक्स आले. गल्लीतल्या कुणाचाही वाढदिवस असो, तासाभरात दहा बाय दहाचा हसरा चेहरा चौकात टांगलेला. शफीकडे उरल्या मोटारसायकलींच्या नंबरप्लेटी, आणि त्याही सरकारने छापील करून टाकल्या. पण हाताला कोण सांगणार? तो आपला रिकामा बसला की मांडीवर बोटाने अक्षरं गिरवायचा.

अशात पुण्याहून वृषाली नावाची बाई त्याचं घर शोधत आली. तिशीची, पायात धुळीने भरलेले बूट. म्हणाली, "मी क्युरेटर आहे."

"म्हंजे तुमी काय बनवता?" शफीने विचारलं.

"मी बनवत नाही. फिरते, बघते, आणि जे बघण्यासारखं असेल ते लोकांसमोर मांडते."

एका संस्थेने तिला तीन महिने दिले होते. गाडी संस्थेची, राहणं-जेवण संस्थेचं, वर मानधन. काम एकच, गावोगाव हिंडून बघायचं आणि शेवटी काय पाहिलं ते सांगायचं. आहुप्याच्या देवराईत म्हणे ती दोन दिवस नुसती बसून होती. ती गेल्यावर शफी झुबेदाला म्हणाला, "बघायचं मानधन मिळतं, आन आपण येड्यासारखे रंगवत बसलो." पण हे तो हसून म्हणाला, आणि तो हसल्याला बरेच दिवस झाले होते.

कारण वृषालीने जे सांगितलं ते त्याच्या डोक्यात भिरभिरत राहिलं. शिनोलीची भिंत, शफीनेच वर्षानुवर्षं थरावर थर देत रंगवलेली, तिने रस्त्यावरून पाहिली आणि गाडी थांबवली. कुंडलिकने पेंटरचं नाव सांगितलं. पुण्याला हिवाळ्यात मोठं प्रदर्शन होतं. त्यात ती अख्खी भिंत, आहे तेवढ्या आकाराच्या फोटोत, लावायची आणि शेजारी लिहायचं: शफी, जुन्नर. मात्र सोमवारी संस्थेची दोन माणसं आणि फोटोग्राफर येणार. भिंत पाहून त्यांनी हो म्हटलं, तरच.

आता हे समजून घ्या, की पाटीवर दुकानाचं नाव असतं, मालकाचं असतं, "उधारी बंद" असं असतं. पेंटरचं नाव कोपऱ्यात, सुपारीएवढं, तेही मालकाची मर्जी असेल तर. चाळीस वर्षांत शफीचं नाव कुणी मोठ्या अक्षरात लिहिलं नव्हतं. त्यानेही नाही.

शुक्रवारी न राहवून तो एसटीने शिनोलीला गेला. ती भिंत त्याने बारा-तेरा वर्षांत नीट पाहिली नव्हती. आता पाहिली. सगळ्यात खालच्या थरात गिरणीचं नाव. त्यावर टोमॅटोच्या बियाण्याची जाहिरात, त्यावर कुणा सरपंचाची निवडणुकीतली निशाणी, शिट्टी, त्यावर "आमचे गाव हागणदारीमुक्त". उन्हापावसाने वरचं फिकटलं होतं आणि खालचं वर आलं होतं. लाल टोमॅटोच्या पोटातून गिरणीचा ग डोकावत होता, शिट्टीच्या तोंडातून हागणदारी निघत होती. जागोजाग पोपडे.

"हे दाखवायचं पुण्याच्या लोकांना?" शफी म्हणाला.

"न्हाई वो पेंटर," कुंडलिक म्हणाला. "लाज जाईल गावाची."

या दोन तालुक्यांत एक पद्धत आहे, आणि ती हिंदूची वेगळी, मुसलमानाची वेगळी अशी नाही. लग्न असो, ईद असो, जत्रा असो, पाहुणे यायचे म्हटलं की आधी भिंतीला रंग. घरात खायला कमी असलं तरी चालेल, पाहुण्याला पोपडा दिसता कामा नये. शिडी कुंडलिकने दिली. शनिवारी दोघांनी पत्र्याचे तुकडे घेऊन भिंत खरवडली, पार सिमेंट दिसेपर्यंत. मग अस्तर. रविवारी पहाटे शफीने दोरी मारून ओळी आखल्या आणि ब्रश उचलला.

आणि काय सांगावं, आठ दिवसांची ती तगमग कुठल्या कुठे गेली. हात विसरला असेल अशी त्याला भीती होती. विसरला नव्हता. "भैरवनाथ पिठाची गिरणी" ही अक्षरं त्याने पुरुषभर उंचीची काढली. त्यांना निळी सावली दिली, दोन्ही बाजूंना गव्हाच्या ओंब्या. शेवटी मागे सरकून पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. असं काम त्याने जन्मात केलं नव्हतं.

सोमवारी अकरा वाजता गाडी आली. शफी धुतलेला सदरा घालून भिंतीपाशी उभा होता. नखांतला निळा रंग काही गेला नव्हता. वृषाली उतरली आणि गाडीचं दार धरून उभीच राहिली.

"खालचं कुठं गेलं?" तिने विचारलं.

"कुठलं खालचं?"

"टोमॅटो. शिट्टी. ते सगळे थर."

"ते व्हय. समदं खरवडलं. जुन्यावर नवा रंग धरत न्हाई, ताई."

संस्थेतल्या एका गृहस्थांनी अक्षर सुंदर असल्याचं सांगितलं. गिऱ्हाईक असं सुंदर म्हणतं आणि काम दुसऱ्या पेंटरला देतं, हे शफीला ठाऊक होतं. फोटोग्राफरने कॅमेरा बाहेरच काढला नाही.

वृषाली गिरणीच्या पायरीवर बसली. "शफीचाचा, मला ती जुनीच भिंत न्यायची होती. चाळीस वर्षं एकमेकांत मिसळलेली. माझ्याकडे मोबाइलवरचे दोन फोटो आहेत, त्यावर भागणार नाही."

शफीला आधी राग आला. "मग फोनवर सांगायचं व्हतं, की हात लावू नका म्हणून."

"मला सुचलंच नाही," ती म्हणाली. "कुणी रंगवेल असं वाटलं नाही."

"पावणं येणार म्हणल्यावर आमच्याकडं रंगवत्यात."

तिने मान खाली घातली. ती तीन महिने बघत हिंडत होती, आणि एवढं मात्र तिच्या नजरेतून सुटलं होतं. शफीचा राग ओसरला आणि मागे नुसती लाज उरली. ज्याची लाज वाटून त्याने दोन दिवस घासलं, तेच बघायला लोक पुण्याहून आले होते.

कुंडलिकला गप्प बसवेना. "अवो, ऊनपाऊस हाय की. व्हईल परत तसंच."

शफीने वृषालीकडे पाहिलं. "किती वरसं लागतील?"

"तसं व्हायला?" तिने मनाशी हिशोब केला. "वीस. पंचवीससुद्धा."

"मी त्रेसष्टचा हाय, ताई," शफी म्हणाला. त्याने भिंतीवर तळहात ठेवला. "आन रंग या खेपेला एक नंबर आणलाय. लई वरसं जायचा न्हाई."