लूमच्या जागेवरचा गाळा

भिवंडीत बाजाराच्या मधोमध नवं शॉपिंग सेंटर उभं राहिलं तेव्हा मी बारावीत होते. त्याआधी तिथे कापड विणायच्या लूमचा कारखाना होता आणि माझे बाबा त्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. कारखाना पाडल्यावर हाती आलेल्या सगळ्या पुंजीतून त्यांनी त्याच जागेवर, पहिल्या मजल्यावर गाळा घेतला. नव्या फरशीलाही लूमच्या तेलाचा वास येतो, असं ते म्हणायचे. मला तर फक्त रंगाचा यायचा.

दुकान घातलं परकर, गाऊन आणि बायकांच्या आतल्या कपड्यांचं. कल्पना आईची. पण वीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेल्या बाबांना हळू बोलताच येत नव्हतं. एखादी बाई दबक्या आवाजात माप सांगायची आणि बाबा माळ्यावर चढलेल्या मला ओरडून सांगायचे, "छत्तीस नंबर काढ गं!" समोरचा घड्याळवालासुद्धा मान वर करायचा. बाई काही न घेताच जिना उतरायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक पार तुटलं. बाबांनी गाळा घड्याळवाल्याला द्यायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात अंबाडीहून एक बाई आली. बाबा तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाली, "दादा, हळू बोला जरा. माजा सासरा भायेर उभा हाय." आणि पदराआडून तिने आधी तीन बोटं दाखवली, मग चार. तिचा नवरा लूमवर कामाला होता. लूम चालू असताना काही ऐकू येत नाही, म्हणून सगळे कामगार हातांनीच बोलतात. घरी ती तेच शिकली होती. माझ्याकडे वळून बाबांनीही तीन बोटं वर केली, मग चार. भुवई उडवून तिला रंग विचारला. तिने केसांना हात लावला: काळा.

मला हसूही येत होतं आणि रडूही. वीस वर्षं बाबा याच जागेवर रोज असे बोलत होते, आणि मला त्यांचा फक्त आरडाओरडा माहीत होता.

बायकांमध्ये बातमी पसरायला वेळ लागत नाही. पुढच्या महिन्यात घड्याळवाला गाळ्याचं विचारायला आला, तेव्हा दुकानात आठ-दहा बायका होत्या आणि आवाज कसलाच नव्हता. बाबांनी नुसती मान हलवून नाही म्हटलं. तो जायला निघाला, दारात घुटमळला, इकडेतिकडे बघितलं, हातातली पिशवी खाली ठेवली आणि बायकोसाठी आधी तीन बोटं दाखवली, मग दोन्ही हातांची मिळून आठ.