फळी कुठे तुटली

आमच्या बाल्कनीत तुळस, कोरफड आणि एक हट्टी मोगरा ज्या फळीवर चार वर्षं बसून होते, ती फळी मी टाकून दिली असं एका माणसाला फोनवर सांगितलं होतं. तेव्हा ती माझ्या पायाशीच, भिंतीला टेकून उभी होती. खोटं बोलताना मी तिच्याकडेच बघत होतो.

हे सांगायचं तर आधी स्वतःविषयी सांगायला हवं, आणि ते फारसं बरं नाही. मी आयुष्यभर विम्याच्या नुकसानभरपाईचे दावे तपासले. मोडलेली वस्तू बघायची आणि ती का मोडली ते दोन ओळींत लिहायचं, यावर माझं पोट भरलं. रिकाम्या वेळातला उद्योग म्हणजे सोसायटीच्या पाट्या. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी नोटिसांची जागा आहे, तिथला मजकूर माझ्याकडे असे. 'लिफ्टमधून कुत्री नेण्यास हरकत नाही. मालकांनी भुंकू नये.' 'जिन्यात ठेवलेल्या चपला सोसायटीला भेट समजण्यात येतील.' लोक हसायचे, फोटो काढायचे, ते फोटो फिरून फिरून माझ्याच मोबाइलवर परत यायचे. मला ते आवडायचं. नको इतकं आवडायचं, हे आता कबूल करतो.

त्या वर्षी आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये एका सुताराचं काम चाललेलं असे. मूळचा विदर्भातला, कमी बोलणारा माणूस. सोसायटीत एकाचं काम संपलं की दुसरा त्याला धरून ठेवी. माझी पुस्तकं घरात मावत नव्हती, अर्धा जन्म बुधवार पेठेतून वाहून आणलेली. मुलगी आठवीत होती. तिच्या अभ्यासाच्या टेबलावरची भिंत रिकामी होती, तिथे एक लांब फळी टाकायचं मी ठरवलं. सुतार म्हणाला, पाइनची जोडफळी घेऊ.

"म्हणजे सफरचंदाच्या पेट्यांचं लाकूड?" मी विचारलं. मार्केट यार्डात त्या पेट्यांचे ढिगारे पाहिलेले, आणि आमच्या घराण्यात सागवानाखाली कोणी उतरलेलं नव्हतं. त्यात ही फळी अखंडही नाही. लाकडाचे छोटे तुकडे, त्यांच्या टोकांना दात कापलेले, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे ते दात एकमेकांत बसवून चिकटवलेले. फळीवर ठिकठिकाणी ती नागमोडी रेघ स्पष्ट दिसते. मला ती ठिगळासारखी वाटली आणि मी तसं म्हणूनही टाकलं.

त्यानं वाद घातला नाही. उरलेला एक तुकडा दोन विटांवर आडवा ठेवला, सांधा बरोबर मधे येईल असा, आणि हातोडा घातला. तिसऱ्या घावाला तुकडा मोडला. दोन्ही भाग त्यानं माझ्या हातात दिले.

"पाहा साहेब. सांधा तसाच आहे. बाजूचं लाकूड गेलं."

खरोखरच तसं होतं. नागमोडी रेघ शाबूत आणि तिच्यापासून बोटभर अंतरावर लाकूड फाटलेलं. मी इतका खूश झालो की ते दोन भाग वर नेऊन बायकोला दाखवले. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय त्यानं मला ठेवलीच नव्हती.

फळी सहा फुटांची. तो म्हणाला, "मधात एक उभा आधार द्यावा लागते. पुस्तकं भारी राहते."

मी मोबाइलवर एक फोटो बघून ठेवला होता. पांढरी भिंत, एकच सरळ लांब फळी, मधे काही नाही. "आधार दिला की रेशनच्या दुकानासारखं दिसेल," मी म्हणालो.

"मग पुस्तकं नका ठेवू. फोटो, शोभेचं काही, असं हलकं ठेवा."

मी हो म्हणालो. आठ दिवसांत त्या फळीवर पुस्तकांच्या दोन रांगा होत्या, आणि रांगांवर आडवे टाकलेले जाडजूड बांधीव अंक.

मे महिन्यातल्या एका दुपारी ती पडली. मुलगी टेबलाशी बसलेली होती. आईनं आमरसाला हाक मारली म्हणून उठली, स्वयंपाकघरात पोचली, आणि मागे तो आवाज झाला. आम्ही धावलो. तिची खुर्ची पुस्तकांखाली दिसत नव्हती. फळीच्या मोडक्या टोकानं टेबलाला खोक पाडली होती. मुलगी दारात उभी, हातात वाटी तशीच.

बायको ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "कसली फळी होती ही?"

"जोडाची," मी म्हणालो. "तुकडे चिकटवलेली. दुसरं काय होणार?"

हे बोलण्याआधी मी फळी पाहिली होती. माझं कामच ते. ती बरोबर मधोमध तुटली होती, लाकडातल्या एका गाठीतून. सगळ्यात जवळचा सांधा वीतभर दूर होता आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं. ऑफिसात हे प्रकरण समोर आलं असतं तर मी चहा संपायच्या आत लिहून मोकळा झालो असतो: आधार नाकारला, वजन वाढवलं, दावा नामंजूर. पण हा दावा माझ्या मुलीच्या डोक्याचा होता. ते वजन तिच्या डोक्यावर मीच ठेवलं होतं, आणि हे बायकोच्या तोंडावर म्हणायची माझी छाती झाली नाही. मी घाबरलो होतो. घाबरलेल्या माणसाला खापर फोडायला डोकं लागतं, आणि खाली पार्किंगमध्ये एक माणूस कुणाचे तरी ड्रॉवर घाशीत बसलेला होता.

संध्याकाळी पाटी लागली. 'पाइनच्या जोडफळ्या बसवून मिळतील. खाली कोणीही बसू नये.'

माझ्या सगळ्या पाट्यांत तीच सर्वांत गाजली. शेजारच्या दोन सोसायट्यांच्या ग्रुपवरही गेली. नाव कुणाचंच नव्हतं, पण पार्किंगमध्ये सुतार एकच होता. तळमजल्यावरच्यांनी त्यांचं कपाट रद्द केलं, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी स्वयंपाकघर. आठवड्याभरात वॉचमननं त्याला गेटवरच थांबवलं. मी खिडकीतून पाहिलं. तो पिशवी खाली ठेवून वॉचमनशी बोलत होता, हातवारे न करता.

मग त्याचा फोन आला.

"मला फळी फक्त पाहू द्या साहेब. कुठून तुटली ते पाहतो अन् जातो."

"टाकून दिली."

"कुठं टाकली? मी शोधून घेतो."

"अहो मिस्त्री, कचऱ्याची गाडी घेऊन गेली. आता काय शोधणार?"

तो बरं म्हणाला. पुन्हा त्याचा फोन आला नाही. तुटलेला अर्धा भाग मी बाल्कनीत कुंड्यांखाली घातला. चांगलं लाकूड मला टाकवत नाही. चांगलं आहे हे माहीत असल्यामुळेच ठेवलं ना, हा प्रश्न मी चार वर्षं स्वतःला विचारला नाही.

विचारला तो मुलीनं. बारावीची परीक्षा संपल्यावर तिनं बाल्कनी धुवायला काढली. कुंड्या उचलल्या, फळी उलटी केली. कडा काळ्या पडल्या होत्या, पाण्यानं रंग गेला होता. ती सांध्यांवरून बोट फिरवत मोडक्या टोकापर्यंत आली आणि थांबली.

"बाबा, ही तीच ना? पण ही जोडावर तुटलेलीच नाहीये."

मी पेपर वाचत असल्यासारखं केलं.

"मग त्या काकांची मिस्टेक काय होती?"

तेव्हा मी सांगितलं. आधार नको म्हटलं ते, पुस्तकांचं, पाटीचं, फोनचं. तुळस फळीवर परत न ठेवता तिनं फरशीवर ठेवली आणि विचारलं, "आईला माहितीये?"

आईला सांगितलं तर ती कणीक मळत म्हणाली, "मला पाटी वाचूनच शंका आली होती. तुमचं बरोबर असतं तेव्हा तुम्ही एवढे विनोदी नसता."

त्याच दिवशी मी नवी पाटी लावली. 'चार वर्षांपूर्वी आमच्याकडे पडलेली फळी सांध्यात तुटली नव्हती. मधल्या आधाराला मीच नको म्हटलं होतं. सुताराची काहीही चूक नव्हती.' खाली फ्लॅटचा नंबर घातला. लोकांनी वाचली. कुणी फोटो काढला नाही. लिफ्टची वाट बघत असलेल्या एका गृहस्थांनी ती दोनदा वाचून मला विचारलं, "यात गंमत काय आहे?"

सुताराचा नंबर माझ्या फोनमध्ये होताच, तो लावून पत्ता विचारला. धानोरीच्या पुढे एका फर्निचरच्या कारखान्यात तो रोजावर काम करत होता, तयार कपाटं लोकांच्या घरी बसवायचं. फळी चादरीत गुंडाळून, स्कूटरवर पायांशी आडवी ठेवून मी गेलो. तो अंगावरचा भुसा झटकत बाहेर आला. केस बरेच पिकले होते. चादरीतून डोकावणारं टोक त्याला दिसलं आणि मी गाठ सोडायच्या आत तो म्हणाला, "सांध्यातून गेली होती ना साहेब?"

म्हणजे चार वर्षं तो हेच धरून बसला होता. मला वाटत होतं, त्याला खात्री असेल की मी खोटं बोललो आणि तो मला शिव्या देत असेल. शिव्या परवडल्या असत्या.

"नाही," मी म्हणालो.

तो उकिडवा बसला. चादर त्यानंच सोडली. एकेका सांध्यावर नख घालून पाहिलं. कुठेच नख आत जाईना. मग मोडलेल्या टोकाशी आला, गाठीवर अंगठा ठेवला. फळी उचलून डोळ्याशी धरली आणि एक डोळा मिटून तिच्या लांबीवरून पाहिलं.

"वाकली पण नाही. कुठं ठेवली होती?"

"कुंड्यांखाली. चार वर्षं."

"गाठीतून गेली, अन् बरोबर मधात." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "हे तुम्हाला त्याच दिवशी दिसलं असेल."

"दिसलं होतं. माझं चुकलं, मिस्त्री. मी खोटं बोललो." नव्या पाटीचंही सांगितलं. तो दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकावं तसा ऐकत राहिला.

"सोसायटीचं जाऊ द्या," तो म्हणाला. "काम काय, दुसरीकडं भेटलं. घरी मी असल्याच फळ्यांचा पलंग केला होता पोरींसाठी. एक खाली, एक वर. आमची एकच खोली, जागा नाही. वर कोण झोपते यावर रोज भांडण. तुमच्याकडचं ऐकलं अन् त्याच दिवशी खोलून टाकला. म्हटलं, साहेबांच्या पोरीच्या डोक्यावर पडणार होती, आपल्या पोरीला त्याच्याखाली कसं झोपवायचं?"

"फळ्या आहेत अजून?" मी विचारलं.

"जाळल्या. पाणी तापवलं."

"मी नव्या आणून देतो. आजच. पुन्हा करा पलंग."

"आता कोणासाठी? मोठी वर्ध्याला गेली, आत्याकडं, शिकायला. धाकटीला एकटीला वरखाली काय करायचं?"

आतून कुणीतरी त्याला हाक मारली. तो उठला, फळी काखेत धरली.

"ही ठेवून घेऊ का मी?"

"ठेवा ना."

"बायकोला दाखवतो," तो म्हणाला. "खोलत होतो तेव्हा ती म्हणत होती, चांगला मजबूत आहे, काही होत नाही, राहू द्या."

तो आत गेला. मी रिकामी चादर डिकीत कोंबली आणि घरी आलो.