आउनेबाईंची निळी बरणी

आउने रास्की विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवीत. एकतीस वर्षं त्या एकाच भुकटीच्या मागे होत्या. पिठाहून कितीतरी बारीक, पांढरी. उजेड पडला की ती जणू जागी होई आणि पाण्यातला रंग कुरतडून टाकी. गावच्या तळ्यात जुन्या लोकर-रंगाईच्या कारखान्याचा निळा अजून झिरपत होता. प्रयोगशाळेत भुकटीने तो शंभरदा उतरवला, तळ्यात एकदाही नाही. का, ते कळत नव्हतं, आणि निवृत्तीआधीचा हा शेवटचा उन्हाळा.

म्हणून त्यांनी नळाच्या पाण्यात तो निळा रंग आणि भुकटी कालवून बरणी तळ्याकाठच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, धक्क्यावर ठेवली. जूनमध्ये तिथे, इतक्या उत्तरेला, सूर्य बुडायचं नावच घेत नाही. आउनेबाई तासन्‌तास बरणीपाशी बसत. निळाई इतकी हळू विरे, की आपण ती पाहतोय की आठवतोय, हेच समजेनासं होई.

मग शेजारच्या तोइवोने बरणीत भूर्जाच्या पानांसकट डहाळ्यांची जुडी भिजत घातली. सौनात अंगावर मारायची जुडी.

"तोइवो, ती बरणी माझ्या कामाची होती."

"धक्क्यावरचं पाणी सौनाचंच असतं, प्रोफेसरीणबाई. आजोबांपासून."

"निळं दिसलं नाही तुला?"

"दिसलं. म्हटलं, शहरातली फॅशन असेल."

आउनेबाई बरणी ओतून टाकायला उठल्या. पलीकडे चर्चची रविवारची घंटा वाजत होती. त्यांनी नकळत हात जोडले, आणि बरणी तशीच राहू दिली.

आठ दिवस निळा हलला नाही. जुडीतून पाण्यात उतरलेला पानांचा तपकिरी रस तेवढा फिका होत गेला. नवव्या दिवशी तो संपला, आणि मग निळा उतरू लागला. आउनेबाई बघतच राहिल्या. भुकटी आधी पानांचा रस खाते. आणि तळ्याभोवती तर सगळं भूर्जाचंच रान, दर शरदात पाण्यात झडणारं.

"मग तळं कधी निवळायचं?" तोइवोने विचारलं.

"भुकटी दर वर्षी टाकत राहायची. आधी ती पानं खाईल, मग रंग. वीस वर्षं तरी लागतील."

"म्हणजे मी नसणार."

"मीही बहुतेक नसेन."

"पण निवळेल ना?"

"निवळेल," आउनेबाई म्हणाल्या. मग त्या कागद घेऊन बसल्या आणि पुढच्या माणसाला सगळं सावकाश, नीट कळेल असं लिहू लागल्या.