खड्ड्यातले कांदेपोहे

अकोल्याहून निघताना बायकोने विचारलं, "मुलगी बघायला कोल्हापूरपर्यंत?" मी म्हटलं, "मुलगी नाही, मुलगा बघायचाय." पुण्याच्या होस्टेलवर माझ्याबरोबर एका खोलीत राहिलेल्या विलासला बघायला राधानगरीकडची एक मुलगी त्याच्या घरी येणार होती. नव्वदीच्या शेवटाला हे नवलच. धीर द्यायला म्हणून त्याने मला बोलावून घेतलं होतं.

स्टेशनावर उतरलो तर विलास माझ्याआधी इस्त्रीवाल्याच्या चौकशीत. शाहूपुरीत एका टपरीवर आम्ही चहा घेतला आणि शेजारीच त्याचा पांढरा शर्ट कडक करून घेतला. मग मोटारसायकलवरून गडमुडशिंगी. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच एखादं गुऱ्हाळ, हवेत उकळत्या रसाचा वास. शर्ट चुरगळू नये म्हणून विलास सगळी वाट ताठ बसला होता.

दारातच त्याचे वडील, आण्णा, गरजले, "या पावणं! आधी जेवायलाच बसा." भाकरी, झुणका आणि खरडा (तव्यावर रगडलेला हिरव्या मिरचीचा ठेचा). आम्ही वऱ्हाडातली माणसं तिखटाला भीत नाही, असं मी म्हणालो आणि पहिल्याच घासाला डोळ्यांतून धारा लागल्या. विलासच्या आईने, काकूंनी, दह्याची वाटी पुढे सरकवली.

दुपार कलली तशी जीप आली. मुलगी, सुनंदा, शेतकी पदवी घेतलेली; बरोबर तिचे वडील, अगदी कमी बोलणारे. पाणी पिऊन होतंय तोच ती म्हणाली, "आधी रान बघू या का?"

आण्णा खूश. घरामागेच रान. ऊस नुकताच तोडून नेलेला, जमीन काळीभोर. "चार पिढ्या पिकतंय," आण्णा म्हणाले. "माती न्हाय, लोणी हाय लोणी!"

सुनंदाने मूठभर माती उचलली, चुरली, हुंगली. "वरची झकास हाय. खाली काय हाय?"

"खाली? खाली बी रानच की!"

"एक खड्डा काढू या?"

आण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आमच्याकडं पावणं चहा मागत्यात," ते म्हणाले. मुलीचे वडील स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. त्यांना लेकीच्या या वागण्याची सवय असावी.

विलासने कुदळ घेतली. आधी काम सोपं होतं. माती भुसभुशीत, तिच्यात गांडुळं आणि कुजकी पानं. मग हातभर खोलीवर कुदळ खण्णकन वाजली आणि उडून परत आली. पदर खोचून सुनंदा खड्ड्यात उतरली. उसाचं एक खोडकं तिने मुळासकट सोडवून वर धरलं. मुळ्या सरळ खाली गेल्या होत्या आणि त्या कडक थरावर पोचताच आडव्या वळल्या होत्या.

"पावसात हितं पाणी तुंबत असंल," ती म्हणाली. "आणि वारं सुटलं की ऊस लोळत असंल."

"ऊस सगळ्यांचाच लोळतो!" आण्णा उखडले. "पोरगं बघायला आलाय का रानाची खोट काढायला?"

मला परतीच्या गाडीची वेळ आठवू लागली. पण सुनंदा शांत होती. "आण्णा, नांगर दरसाल तेवढ्याच खोल जातोय, वर ट्रॅक्टरचं वजन. दबून दबून तवा झालाय. ह्याच्या खाली बघू या की."

"आण ती पहार हिकडं!" म्हणत आण्णाच धोतर सावरून खड्ड्यात उतरले, तिला खोटं पाडायला. पहार तशीच वाजली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग कपच्या निघाल्या आणि खाली मऊ तपकिरी माती लागली, चुनखडीचे पांढरे कण असलेली. तिच्याखाली पिवळा मुरूम.

"बघा," सुनंदा म्हणाली. "वरचा थर पिकाला खायला घालतो, ही तपकिरी माती ओल धरून ठेवती, मुरूम जास्तीचं पाणी काढून देतो. सगळं बेस हाय. मधला तवा तेवढा मुळ्यांस्नी खाली जाऊ देत न्हाय."

कोणी परत येईना, म्हणून काकू कांदेपोह्यांच्या बशा ताटात घेऊन रानातच आल्या. "घरात पाट मांडल्यात आणि ही माणसं खड्ड्यात!" खड्ड्याच्या काठावर पाय सोडून आम्ही पोहे खाऊ लागलो.

आण्णा एकदम विलासकडे वळले. "तू सांग. हितं पाणी तुंबतंय?"

विलासने माझ्याकडे बघितलं. धीर द्यायला आलेला मी, पोह्यांतली मिरची शोधत होतो.

"तुंबतंय, आण्णा," तो म्हणाला. "कवाधरनं बघतोय. तुमास्नी सांगायचं धाडस हुईना."

आण्णांनी बशी खाली ठेवली. "खुळ्या, मग आधी सांगायचं न्हाईस व्हय?" आणि सुनंदाला, एकदम हळू आवाजात, "पोरी, कशानं फुटंल गं हे?"

उन्हाळ्यात खोलवर जाणारा लोखंडी फाळ चालवायचा, मग हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून फुलायच्या आत गाडायचा, असं तिने सांगितलं. आण्णांचे प्रश्न संपेनात. स्वयंपाक येतो का, हे विचारायचं सगळेच विसरले.

पंपावर हात धुताना मी तिला विचारलं, "आवडली का माती?"

"मातीचं काय, ती सुधारती," ती म्हणाली. चिखलाने माखलेल्या त्या इस्त्रीच्या शर्टाकडे तिने एकदा बघून घेतलं. "हे वडलांम्होरं बोलत्यात का, त्ये बघायचं हुतं."

"मग?"

"बोलले की. जरा उशिरा बोलले." आणि हसली. जीपमध्ये बसण्याआधी तिने वडिलांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि तोवर गप्प असलेला तो माणूस आण्णांना कडकडून भेटला.

आण्णांनी एकच अट घातली: आधी तवा फोडायचा, मग लगीन.

परतीच्या प्रवासात मनमाड मागे पडलं आणि खिडकीबाहेर आमची काळी जमीन दिसू लागली. आयुष्यभर हिच्यावरून चाललो, पण ही आत कशी आहे हे बघायचं मला कधी सुचलं नव्हतं. घरी पोचल्यावर दुसऱ्या सकाळी फावडं घेऊन अंगण खणायला लागलो. कंबरेइतका खड्डा झाला तेव्हा बायको बाहेर आली.

"काय लागलं?"

"काळी माती."

"आणि तिच्याखाली?"

"काळीच."

तिने खड्ड्यात डोकावून बघितलं, मग माझ्याकडे. "आता खणलाच आहे, तर दुपारी पेरूचं रोप घेऊन या. पण त्याआधी आंघोळ करा."