पाळण्यातून पडलेला वरवंटा

माझ्या उजव्या पायाचा अंगठा वरवंट्याने मोडला. त्या वेळी वरवंटा पाळण्यात झोपलेला होता आणि मी त्याला झोके देत होते.

हे वाक्य मी आतापर्यंत हाडांच्या डॉक्टरांना, पाळण्याच्या कंपनीला आणि शेवटी माझ्या पोटच्या मुलीला सांगितलं आहे. तिघांनीही ते मला पुन्हा सांगायला लावलं. एकतीस वर्षं सुरतेत मराठी शाळेत शिकवल्यामुळे एकच गोष्ट दोनदा सांगायची मला सवय आहे, पण दुसऱ्यांदा ऐकल्यावर ऐकणाऱ्याला माझीच काळजी वाटू लागावी, हा अनुभव नवा होता.

पाळणा मागवला ऋजुताने, बेंगळुरूहून. ऋजुता माझी एकुलती एक मुलगी. तिचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे सुरतेच्या भेस्तान भागातल्या या फ्लॅटमध्ये व्हायचं होतं. पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तिचा प्रवास बंद केला आणि माझी सगळी तयारी (डिंकाच्या लाडवांसकट) वाया गेली. मीच पंधरा दिवस तिकडे जाऊन आले. तिच्या सासरी माणसांची काही कमी नाही. नातीला घ्यायला रांग असायची आणि माझा नंबर येईपर्यंत ती झोपलेली असायची. मला मात्र पाहुणी म्हणून सोफ्यावर बसवून दर दोन तासांनी चहा देत.

निघताना ऋजुता म्हणाली, "आई, बारसं तुझ्याकडेच करू. सव्वा महिना झाला की येते. फक्त पाळणा मी मागवणार. बाळाच्या बाबतीत मला कुठलाही धोका नकोय."

त्या एका वाक्यावर मी परत आले आणि घर धुऊन काढलं.

पाळणा आला. खोक्यावर हसरं बाळ आणि 'पंधरा किलोपर्यंत सुरक्षित' असं छापलेलं. तो जोडून झाल्यावर मी सहज एक झोका दिला, तर भांडी घासणाऱ्या सुमनबाई मोरीतूनच ओरडल्या. त्या मूळच्या धुळ्याकडच्या.

"बाई, रिकामा पायना नका हलवू. पोरले बरं नही."

आता बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात, हे मला ठाऊक होतं. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. मी विचार केला, बारशाला घालायचाच आहे, तर चार दिवस आधी घातला म्हणून काय बिघडलं? माझ्या सासूबाईंचा चार किलोंचा काळा वरवंटा धुतला, पुसला आणि ठेवला पाळण्यात.

इथपर्यंत सगळं शास्त्राला धरून होतं. पुढचं मात्र कुठल्याच शास्त्रात नाही. वरवंटा गार लागला म्हणून मी त्याच्यावर दुपटं घातलं. दुपट्यात तो फारच उघडाबोडका दिसायला लागला म्हणून नातीसाठी विणलेली पिवळी टोपी घातली (मापात बसली). मग सकाळी पेपर वाचताना एका हाताने झोका द्यायची सवय लागली. चार दिवसांचे दहा दिवस झाले. यांना जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून पेपर मी मनातच वाचत होते. आता मोठ्याने वाचायला लागले. पाणी कुठे येणार नाही, कुठला रस्ता बंद, सगळं वरवंट्याला कळत होतं. ऐकून घेण्याच्या बाबतीत तो यांच्यापेक्षा बरा होता, हे खरं आहे.

अकराव्या दिवशी, मी अग्रलेखात असताना, पाळण्याची तळफळी निसटली आणि वरवंटा टोपीसकट माझ्या अंगठ्यावर आला.

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. वेदनेचं मला फार नाही वाटलं. पण घरी येऊन मी त्या तुटक्या पाळण्यासमोर बसले आणि हिशेब केला. आमची छकुली जन्मली तीन किलोंची, आता चारच्या आसपास असणार. आणखी दोन आठवड्यांनी त्या फळीवर तीच असती. हे ऋजुताला कळलं तर ती येणार नाही, आणि न कळवता पाळणा तसाच ठेवला तर मी आजी कसली? एकच मार्ग होता. ती येण्याआधी कंपनीकडून पाळणा धड करून घ्यायचा आणि तोंड बंद ठेवायचं.

मी खोक्यावरचा नंबर फिरवला. तिकडून अंजली नावाची मुलगी बोलली.

"मैडम, बेबी को चोट तो नहीं लगी?"

"बेबी नहीं था."

"तो पालने में कौन था?"

"वरवंटा."

टकटक टाइप केल्याचा आवाज आला. "वरवंटा बेटा है या बेटी?"

मी हिंदीत वरवंटा समजावला. मसाला वाटायचा दगड.

"मैडम, आपने पत्थर को क्यों सुलाया?"

मी बारसं समजावलं. तिने वरिष्ठांना विचारलं आणि परत येऊन सांगितलं की वॉरंटीत दगड बसत नाही, तक्रार बंद करण्यात येत आहे. तेव्हा मात्र माझ्यातली बाई जागी झाली, म्हणजे शाळेतली. मी म्हटलं, "डिब्बे पे पंद्रह किलो लिखा है. मेरा पत्थर चार किलो का है. उसकी जगह मेरी नात होती तो?" अंजली हळूच म्हणाली, "मैडम, कल फिर फोन कीजिए. मैं फिर से खोल दूँगी."

असं सुरू झालं. कंपनी तक्रार बंद करायची, मी सकाळी अकराला फोन करून ती उघडून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी अंजलीने विचारलं, "पैर कैसा है?" हे आमच्या बिल्डिंगमध्येही कोणी विचारलं नव्हतं, कारण प्लास्टर घातल्यापासून तिसऱ्या मजल्यावरून मी खाली उतरलेच नव्हते. पाचव्या दिवशी तिच्या भावाचं लग्न कुठे अडलंय ते मला कळलं. सातव्या दिवशी तिने आपणहून सांगितलं, की माणूस पाठवायचं मंजूर झालंय. मी आनंदाने फोन ठेवला. आठव्या दिवशी अकरा वाजता मी पुन्हा फोन केला. सांगण्यासारखं काहीच नव्हतं. लाज वाटली, पण केला.

इकडे ऋजुताचा व्हिडिओ कॉल. "आई, पाळणा दाखव ना."

मी फळीखाली स्टूल सरकवला होता आणि वरून दुलई पसरली होती. पाळणा राजेशाही दिसत होता, फक्त हलत नव्हता.

"झोका दे बघू."

"रिकामा हलवू नये गं."

"तू एका पायावर का उभी आहेस?"

"वृक्षासन. या वयात तोल सांभाळायला हवा."

दोन दिवसांनी कंपनीचे किशोरभाई आले. पलसाण्याच्या पुढे हायवेला त्यांचा कारखाना. पन्नाशीचा गृहस्थ, हातात पेटी. आत येताच त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि आवाज एकदम खाली आणला, कारण सोफ्यावर टोपी घातलेलं काहीतरी निजलं होतं.

"बाबो सूतो छे?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

मी दुपटं बाजूला केलं. किशोरभाईंनी वरवंट्याकडे पाहिलं, माझ्या प्लास्टरकडे पाहिलं, आणि दुपटं परत नीट पांघरलं.

मग त्यांनी पाळणा उलटा केला. अख्खी फळी चार स्क्रूंवर होती आणि स्क्रू नखाएवढे. "बेन," ते म्हणाले, "आमां तमारो वांक नथी. आ स्क्रू ज खोटा छे." दोष माझा नाही, हे कंपनीच्या माणसाने कबूल केलं! त्यांनी नवी जाड फळी घातली, आरपार बोल्ट घातले, वर वरवंटा ठेवला, त्याच्या सोबतीला गव्हाचा डबा ठेवला आणि जोरजोरात झोके दिले. फळी ढिम्म. मग चहा झाला, भाकरवडी झाली. त्यांनी मोबाइलवर गुजरातीत अहवाल लिहिला, मी चष्मा नसताना त्यावर बोटाने सही केली.

तासाभरात ऋजुताचा फोन. पाळणा तिने मागवलेला, तेव्हा अहवाल तिच्याच नंबरवर जाणार, हे मला सुचायला हवं होतं. आधीचे मेसेज तिने जाहिराती समजून उडवले होते. हा मात्र फोटोसकट होता. फोटोत पिवळ्या टोपीतला वरवंटा.

"आई, हे काय आहे?"

मी सगळं सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा सांगितलं.

"खाली त्या माणसाने काय लिहिलंय माहितीये?" ऋजुता सुरतेत वाढलेली, गुजराती घडघड वाचते. "'घोडियामां पथरो सूतो हतो. काम पूरुं. बेन एकलां छे.'"

पाळण्यात दगड झोपला होता. काम पूर्ण. बाई एकट्या आहेत. मी वरवंट्याची टोपी सरळ केली. मग ती म्हणाली, "तिकिटं काढलीत. येतोय आम्ही."

आली. महिनाभर राहायचं ठरलं होतं, त्याचे आठच दिवस झाले होते, पण आली. बारसं थाटात झालं. वरवंट्याचा मान झाला, मग छकुलीला जगातल्या त्या सर्वांत मजबूत पाळण्यात ठेवलं आणि तिने असा टाहो फोडला, की पुढचे आठ दिवस ती फक्त माझ्या मांडीवर झोपली. माझी मांडी मुंग्यांनी बधिर व्हायची. मी हलले नाही.

नवव्या दिवशी त्यांना गाडीत बसवून मी स्टेशनवरून परतले. घरात पावडरीचा वास होता. अकरा वाजले होते. फोन वाजला.

"मैडम, अंजली. अब पालना ठीक है ना? शिकायत बंद कर दूँ?"

मी पाळण्याकडे पाहिलं. भिंत पडली तरी तो पडला नसता. एकतीस वर्षं खोटं बोलणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं केलं आहे.

"नहीं," मी म्हटलं, "अभी भी थोडा करकर आवाज करता है. तुम कल ग्यारह बजे फोन करो, तब तक मैं ठीक से सुनके रखती हूँ."