नवसाचं कोरं नाक

"वन्सं, कान टोचलं तवा सांजपातूर पोर ठिबकत हुती. डाक्टरला सांगायचं का?" मामी दबक्या आवाजात म्हणाली.

"अजिबात नाही, वहिनी. तळेगावची माणसं तिला बघायला येणार आहेत." हा आईचा आवाज.

"आवं, पन घशात सुरी घालनार हायेत! थोरल्या वन्सं बाळंतपनात अशाच रगत जाऊन गेल्या. म्हनून तर हिचं नाक टोचलं न्हाई."

"नवस आहे म्हणून सांगितलंय तिला. तेच राहू दे."

मी पडद्याअलीकडे बाकावर बसले होते. पिंपरीत तेव्हा कारखान्यांची वस्ती नुकतीच उभी राहत होती. त्या लहानशा इस्पितळात माझ्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन व्हायचं होतं.

थोरली मावशी तापाने गेली, असं मला सांगितलेलं. दर महिन्याला मी अंथरुणाला खिळायची, तेव्हा आई म्हणायची, "बायकांचं असंच असतं." आणि नाक? इंग्रजी शाळेतल्या मुली विचारायच्या, तेव्हा मी नवसाचं इंग्रजीतून समजावून सांगायची. देवीने माझ्यापुरतं काहीतरी मागून घेतलंय, असं मला खरंच वाटायचं.

आम्हा तिघींना आत बोलावलं. पहिली तपासणी क्लॉटिंग टाइमची, म्हणजे बाहेर काढलेलं रक्त किती वेळात गोठतं ते पाहण्याची. दंडातून घेतलेलं रक्त काचेच्या नळ्यांत घालून डॉक्टरांनी त्या कोमट पाण्यात ठेवल्या. थोड्या थोड्या वेळाने ते नळी हलकेच कलती करून बघत. शेवटी नळी उलटी केली, तरी रक्त जागचं हललं नाही.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. आईने हात जोडले.

"थांबा. अजून ब्लीडिंग टाइम बघायचाय." म्हणजे जखमेतून रक्त वाहायचं किती वेळात थांबतं ते. त्यांनी माझ्या कानाच्या पाळीला बारीक टोचलं आणि टिपकागदाने थेंब टिपू लागले. घासायचं नाही, नुसतं टेकवायचं. डाग लहान लहान होत संपायला हवेत. माझे होईनात. कागद भरला, त्यांनी दुसरा घेतला. आई खिडकीबाहेर बघत होती.

हे वाचणाऱ्या मुलींना एवढंच सांगते: एक तपासणी चांगली आली, म्हणून निर्धास्त होऊ नका. घरात कोण कशाने गेलं, ते दोघातिघांना वेगवेगळं विचारा. माझं ऑपरेशन रद्द झालं. तळेगावची माणसं आलीच नाहीत. पुढे दात काढताना डॉक्टरांनी आधीच तयारी ठेवली, म्हणून मी आज हे लिहिते आहे. त्या डॉक्टरांचे आणि मामीचे उपकार मी विसरलेले नाही. आईने माझ्या भल्यासाठीच केलं, असं सगळे म्हणतात. मला ते अजून म्हणता येत नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी तिसरा कागद हातात घेतला आणि विचारलं, "घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास?"

"कुणालाच नाही," आई म्हणाली.

मामी खाली मान घालून पदराचं टोक पिळत राहिली. परक्या माणसासमोर मी कधी तोंड उघडत नसे. पाळीवरून एक थेंब मानेवर ओघळला.

"माझी मावशी ह्यानेच गेली, डॉक्टर," मी म्हणाले. "आणि माझं नाक नवसाने कोरं राहिलेलं नाही."