अर्धं कोरं पान

कागदावर एवढी माया करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. शहागंजातला हा माझा वर्गमित्र चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता आणि विद्यापीठाच्या आमच्या माजी विद्यार्थी संघाचा चिटणीस. या दोन कामांत त्याने कधी फरक केला नाही. कारखान्यात नटबोल्टच्या प्रत्येक खणाला आवक-जावकेचं कार्ड लटकायचं, तसं त्याने संघाच्या प्रत्येक वहीला लटकवलं. हजेरीपट, ठराव, सहलींचे फोटो, सगळं त्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत, कडुलिंबाच्या पाल्यात निजलेलं असे. काही बघायचं तर आधी चिठ्ठी लिहायची, मग हात धुवायचे आणि चहाचा कप पेटीपासून चार हात लांब ठेवायचा. खुद्द अध्यक्ष एकदा स्वतःचाच फोटो बघायला गेले, तर म्हणाला, "अध्यक्ष असाल तुमी, चिठ्ठी तर लिवा." माझ्या लग्नात अक्षता पडायच्या आत त्याने पत्रिकेची जादा प्रत मागून घेतली, फायलीसाठी. एकदा शहर बंद असताना हा शहागंजाहून उस्मानपुऱ्याला माझ्याकडे पायी आला. का, तर मागच्या हजेरीपटावर माझी सही राहिली होती. "बंद दुकानांचा हाय, सहीचा नाय," म्हणाला, पाणी प्याला आणि परत निघाला.

नामांतराच्या धामधुमीत संघाच्या सभेत विद्यापीठाचं नाव बदलावं असा ठराव आला. हात वर करून मतं घेतली. शेजारच्यांचे हात विरोधात वर गेले, म्हणून माझाही गेला. दुसरं कारण मला आजही सांगता येत नाही. माझ्याच खोलीत राहून शिकलेला एक मित्र समोर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्यानंतर तो माझ्या घरी कधी आला नाही. आमच्या चिटणिसाने मात्र सगळी मतं नाववार लिहून ठेवली.

पुढे विद्यापीठाला नवं नाव मिळालं. मी खजील होऊन शहागंजात गेलो आणि म्हणालो, "तेवढं एक पान फाड."

"कागद फाडायचा नाय," तो म्हणाला. "पर ठरावाखाली अर्धं पान कोरं सोडलंय मी. मत बदललं आसंल तर लिव. सही कर, तारीख टाक."

"पुढच्या सभेला लिहितो."

"बरं. थांबतो मी."

आणि तो खरोखर थांबला. दर सभेला वही माझ्यापुढे यायची, पेनाचं टोपण काढलेलं असायचं, आणि दर सभेला मी नेमका चष्मा विसरलेला असायचो. त्याने कधी टोमणा मारला नाही, पण एकही सभा सोडली नाही.

गेल्या महिन्यात तो गेला. पेटी बघायला गेलो तर भाभींनी आधी चिठ्ठी लिहून घेतली. हात धुऊन ठराववही काढली. तिच्या कार्डावर शेवटची ओळ त्याच्या अक्षरात होती, 'एक नोंद यायची आहे', आणि पुढे माझं नाव. या वेळी चष्मा नेला होता. मी लिहिलं, 'त्या दिवशी माझा हात चुकीच्या बाजूला वर गेला. मला त्याची लाज वाटते.' सही केली, तारीख टाकली. त्याच्या देखत लिहायला हवं होतं.

वही मिटून भाभींना म्हणालो, "ही उद्या एका मित्राला दाखवायला न्यायची आहे."

त्यांनी डोळे पुसले आणि दुसरी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली.